तोच आकडा

आज सकाळी वजनकाट्याने पुन्हा तोच आकडा दाखवला आणि त्यानंतर दिवसभर माझे कशातच लक्ष लागले नाही. इतक्या लहानशा गोष्टीने खचण्याचे कारण नाही हे मला समजते, पण समजल्याने खचणे काही थांबत नाही. पहाटे उठून व्यायाम केला, ताटातले मोजूनमापून घेतले, आवडीचे कितीतरी बाजूला सारले, आणि या कशाचीच नोंद त्या काट्याकडे नाही, हेच राहून राहून मनाला लागते आहे.

चरबी कमी करायची आणि त्याच काळात स्नायू वाढवायचे असे ठरवले, तेव्हा आकडा फारसा हलणार नाही हे मी धरूनच चालले होते. चरबीचे स्नायूंत रूपांतर होत नाही. दोन्ही ऊती वेगळ्या, एक झिजते आणि दुसरी घडते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात, तर स्नायूचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग पाणीच असल्यामुळे तेवढ्याच वजनाच्या स्नायूत ऊर्जा त्या मानाने फार थोडी असते. म्हणूनच आहारात थोडी तूट ठेवूनही स्नायू घडू शकतो: ऊर्जा साठलेल्या चरबीतून मिळते, कच्चा माल तेवढा अन्नातल्या प्रथिनांतून यावा लागतो, आणि तो स्नायूंकडे वळावा यासाठी वजने उचलावी लागतात. हे सगळे मी इतरांना नीट समजावून सांगू शकते. दादाने परवा “किती उतरलं गं?” असे विचारले तेव्हा मात्र “काहीच नाही” याखेरीज तोंडून शब्द फुटला नाही. त्यानंतर तो जो गप्प झाला, त्याविषयी इथे लिहीत नाही.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आज पुन्हा वाचला. वजन जास्त असलेल्या ४० तरुणांचा आहार गरजेपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी केला आणि चार आठवडे, आठवड्यातले सहा दिवस, त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज २.४ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांची चरबी सरासरी ४.८ किलो घटली आणि चरबीविरहित वजन १.२ किलो वाढले, १.२ ग्रॅम घेणाऱ्यांची चरबी ३.५ किलो घटली, पण चरबीविरहित वजन जवळपास होते तिथेच राहिले. वाचून आधी हेवाच वाटला. त्यांचा काटा निदान खाली तरी आला. मग लक्षात आले, की त्यांची तूट मोठी होती, माझी लहान आहे. माझ्याकडून जे जाते ते आणि जे येते ते जवळपास सारखेच, आणि त्यातून उरणाऱ्या शून्यालाच मी अपयश समजून बसले आहे.

शिकागो विद्यापीठातला झोपेवरचा २०१० चा प्रयोग मला याहून जवळचा वाटतो. तीच दहा माणसे, तोच कमी कॅलरींचा आहार. एकदा १४ दिवस रात्री साडेआठ तास झोपण्याची मुभा, एकदा साडेपाच तासांची. दोन्ही वेळा वजन सुमारे तीन किलोच उतरले, पण जास्त झोपेच्या काळात त्यातली १.४ किलो चरबी होती आणि अपुऱ्या झोपेत फक्त ०.६ किलो. बाकीचे शरीराने आपल्या इतर ऊतींतून दिले. काट्याने मात्र दोन्ही वेळा सारखेच सांगितले. हे वाचताना सकाळपासून आत आवळलेले काहीतरी सैल झाले. ज्याला एवढा फरक दिसत नाही, त्याच्याकडून मी शाबासकीची अपेक्षा का धरावी?

तरीही ती अपेक्षा जात नाही, हेही लिहून ठेवते. कमरेचा घेर कमी झाला आहे, पूर्वी ज्या वजनाने हात थरथरत त्याच वजनाने आता मी सराव सुरू करते. पण हे कोणाला एका आकड्यात सांगता येत नाही, आणि कोणीतरी ते आपणहून विचारावे असे मला वाटते. वाटू दे.

आहार आणखी तोडावा, असे संध्याकाळपर्यंत मनात होते. तसे करणार नाही. तूट वाढवली तर आकडा हलेल खरा, पण वजने उचलण्याचा जोर आधी जाईल आणि ज्यासाठी हे आरंभले तेच हातचे निसटेल. दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने चालू ठेवीन, काट्यावर महिन्यातून एकदाच चढेन, कमरेला फीत मात्र दर आठवड्याला लावीन. आज लवकर झोपायचे आहे. उद्या पायांचा व्यायाम आहे आणि स्क्वॅटला थोडे वजन वाढवून पाहणार आहे.