प्लॅस्टिकमधून वीज जाते कशी?

बॅटरीतल्या ज्वालाग्राही द्रवाच्या जागी मिठाचा अंश असलेल्या प्लॅस्टिकचा पापुद्रा बसवण्याच्या प्रयत्नात मी आहे, असे सांगितले की समोरचा हमखास विचारतो, "पण वायरीवर प्लॅस्टिक चढवतात ते वीज अडवायलाच ना?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून हे लिहितो.

शंका रास्त आहे. मात्र बॅटरीच्या दोन इलेक्ट्रोडांमधल्या (म्हणजे तिच्या दोन टोकांमधल्या) थरातून इलेक्ट्रॉन जाताच कामा नयेत, नाहीतर ती आतल्या आत शॉर्ट होईल. तिथून जायचे असतात ते फक्त आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू. म्हणजे प्लॅस्टिकचा तुम्हाला खटकणारा गुण आम्हाला हवाच असतो.

पॉलिएथिलीन ऑक्साइड या प्लॅस्टिकच्या साखळीसारख्या लांब रेणूत दर दोन कार्बननंतर एक ऑक्सिजन येतो. लिथियमचे मीठ त्यात विरघळवले की हे ऑक्सिजन लिथियमच्या आयनाला वेढून धरतात आणि साखळीची वळवळ चालू असल्यामुळे एकाने सोडलेला आयन शेजारचा पकडतो, असा तो पुढे सरकतो. अशा संयुगांविषयी फेंटन, पार्कर आणि राइट या संशोधकांनी १९७३ मध्ये लिहिले. या संयुगांचा बॅटरीसाठी उपयोग मिशेल आर्मांड या शास्त्रज्ञाने त्याच दशकाच्या अखेरीस सुचवला.

घोडे अडते ते तापमानावर. सुमारे ६५ अंश सेल्सिअसखाली या पॉलिमरचा, म्हणजे साखळ्यांच्या प्लॅस्टिकचा, बराचसा भाग स्फटिकरूप होतो, वळवळ थंडावते आणि वाहकता द्रवापेक्षा हजारो पटींनी कमी भरते. अर्गॉन हा निष्क्रिय वायू भरलेल्या पेटीत दोन पोलादी चकत्यांमध्ये पापुद्रा दाबून त्याचा विजेला होणारा विरोध मोजला, तर नेहमीच्या तापमानाला पडद्यावर भलेमोठे अर्धवर्तुळ उमटते (ते जितके मोठे तितका विरोध जास्त) आणि सत्तर अंशांवर ते जवळपास नाहीसे होऊन एक तिरकी रेघ उरते. कितीदा पाहिले तरी मला त्याची गंमत वाटते. पॅरिसमध्ये २०११ साली भाड्याने मिळू लागलेल्या विजेच्या मोटारींत पॉलिमरच्याच बॅटऱ्या होत्या. त्या चालायच्या तर गरम ठेवाव्या लागत.

मग पापुद्रा मऊच का करू नये, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. करतात, थोडा द्रव मुरवला की वाहकता झपाट्याने वाढते, पण त्या मऊपणामुळे इलेक्ट्रोडवर उगवणारे लिथियम धातूचे सुईसारखे काटे त्यातून आरपार वाढून बॅटरी शॉर्ट होण्याची भीती वाढते, शिवाय ज्या द्रवाला टाळायचे होते तोच मागल्या दाराने आत येतो. माझा सर्वांत चांगला वाहक ठरलेला नमुना इतका चिकट होता की चिमट्याने उचलताना त्याची तारच निघाली.