तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री बोट कुठे थांबवता?

क्लिपर रेस या जगाभोवतीच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीवरून परत आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की हल्ली समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी उत्तर सुरू करते. रात्री काय करता, नांगर टाकून झोपता का? नाही हो. थांबवतच नाही.

एक तर नांगर पोचणार कुठे? समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या आसपास आहे, आणि नांगर नीट धरायचा तर खोलीच्या निदान तीन-चार पट साखळी सोडावी लागते, म्हणजे अकरा ते पंधरा किलोमीटर साखळी घेऊन फिरा. आणि दुसरं म्हणजे ही शर्यत आहे. आमची ७० फुटी बोट चांगल्या वाऱ्यात तासाला दहा-बारा नॉटिकल मैल जाते, आठ तास झोप काढली तर बाकीचे ऐंशी-नव्वद मैल पुढे.

मी क्लिपर रेसचा एकच टप्पा केला, केपटाउन ते ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, साधारण तीन आठवडे, मधे जमीन नाही म्हटलं तरी चालेल. ही शर्यत हौशी लोकांसाठीच आहे, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी सुरू केलेली, पहिली १९९६ साली निघाली. ट्रेनिंग झालेलं असतं, पण स्किपर, म्हणजे कप्तान, आणि त्याचा मेट, म्हणजे मदतनीस, सोडले तर बाकी सगळे आपल्यासारखे, कुणी अकाउंटंट, कुणी नर्स.

तर झोप. क्रूचे दोन गट, म्हणजे दोन वॉच. एक डेकवर, दुसरा खाली. दिवसा सहा-सहा तासांच्या दोन पाळ्या, रात्री चार-चार तासांच्या तीन. पाळ्या पाच, म्हणजे विषम, त्यामुळे आज तुमच्या वाट्याला रात्री दोन ते सहा आली तर उद्या ती दुसऱ्यांची. हे ज्याने शोधलं त्याला माझा नमस्कार, नाहीतर पहिल्या आठवड्यातच भांडणं झाली असती.

आता तुम्ही म्हणाल चार तास म्हणजे बरीच झोप झाली. हिशोब करा ना. खाली उतरायचं, भिजलेले ऑइलस्किन, म्हणजे पाणी अडवणारे कपडे, अंगावरून सोलायचे, तेही बोट एका कुशीवर कललेली असताना, म्हणजे एक पाय भिंतीवर आणि डोकं कुणाच्या तरी पोटात. मग बंक, म्हणजे झोपायची फळी. बंक माझा एकटीचा नव्हताच, मी वर गेले की त्यात दुसऱ्या वॉचमधली बाई झोपायची, आणि मी आत शिरायचे तेव्हा तिची ऊब अजून तिथेच असायची. पहिल्या दिवशी किळस आली, खोटं कशाला बोलू. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दक्षिण ध्रुवाकडच्या थंडीत तीच ऊब देवासारखी वाटायला लागली. बाजूला कापडाची झोळी दोरीने ताणून बांधायची, नाहीतर पहिल्याच लाटेला तुम्ही खाली. आणि पाळी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी कुणीतरी येऊन पायाला हात लावून उठवणार, कारण कपडे, बूट, लाइफ जॅकेट, बोटीला अडकवून ठेवणारा हार्नेसचा पट्टा, सगळं चढवायला तेवढा वेळ लागतोच. उरली किती, अडीच तास. त्यात शीड बदलायला सगळ्यांना वर बोलावलं तर तीही गेली.

बोटीवर तुम्ही स्वयंपाक बिघडवा, सुकाणू धरताना चुका, लोक माफ करतात. पण वॉचवर तीन मिनिटं उशिरा आलात तर नाही. कारण तुमची तीन मिनिटं म्हणजे वर गारठलेल्या माणसाच्या झोपेतली तीन मिनिटं. मी एकदा उशिरा गेले होते, एक मोजा सापडत नव्हता म्हणून. कुणी काही बोललं नाही, पण दोन दिवस माझ्या वाट्याला कपाच्या तळाचा चहा यायचा.

(एकट्याने जाणाऱ्यांचं मला आजही कळत नाही. वाँदे ग्लोब या एकट्याने करायच्या शर्यतीतले लोक कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारतात, ऑटोपायलटच्या भरवशावर वीस-तीस मिनिटांच्या डुलक्या काढत. मला ते झेपणार नाही.)

पण एवढ्या गोंगाटात झोप लागते कशी, तर लागते, मेल्यासारखी लागते. कानापासून वीतभर अंतरावर पाणी धावत असतं, डोक्यावर विंच, म्हणजे शिडाचे दोर ओढायचा रहाट, करकरतो, आणि हळूहळू तो आवाजच अंगाईसारखा होतो. झोपेतही कळायचं की वारा वाढलाय किंवा सुकाणूवर कुणीतरी नवखा आहे.

बोट थांबली ती एकदाच. शेवटच्या आठवड्यात आम्ही हाय प्रेशरच्या, म्हणजे हवेच्या जास्त दाबाच्या भागाच्या, पोटात अडकलो, वारा शून्य, समुद्र तेलासारखा, स्पीड तासाला ०.३ मैल. स्किपर म्हणाला, ज्यांची पाळी नाही त्यांनी मस्त झोपून घ्या. मी बंकमध्ये पडले, कोरडी होते, बोट सरळ होती, पंधरा दिवसांत पहिल्यांदा झोळी बांधायची गरज नव्हती. आणि पाण्याचा आवाज नाही. फक्त रिकामं शीड फटाक फटाक आपटतंय. तासाभराने कंटाळून वर गेले तर डेकवर दोन्ही वॉच जागे बसलेले, सगळे वाऱ्याची वाट बघत.