टेकलीय कुठे ते बघ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि सगळ्यात आधी आठवली ती माझी जप्त झालेली पतंगाची फिरकी. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये, पण हे मनोगत विज्ञानाच्या सरांवरच होणार.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी नववी 'ब'मध्ये बाकाखाली फिरकी लपवून बसलो होतो. सरांनी ती काढून घेतली. आता छडी, असं वाटलं. पण त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि मधल्या दांड्याच्या खालच्या बाजूने निघणारा दोरा चिमटीत धरला.

"मी हा माझ्याकडे ओढला तर फिरकी कुठे जाईल?"

दोरा उलगडणार, म्हणजे ती लांब पळणार, त्यात विचार कसला! मी छातीठोकपणे तसं सांगितलं. सरांनी दोरा आडवा ओढला. फिरकी दोरा गुंडाळत गुंडाळत त्यांच्याच पोटाशी आली. वर्गात हशा. मग हात उंच करून त्यांनी दोरा जवळजवळ उभा ओढला, तर तीच फिरकी उलटी पळाली आणि टेबलावरून खाली पडली. मीच उचलून दिली.

"तू नुसत्या दांड्याकडे बघत बसलास. आधी ती टेकलीय कुठे ते बघ."

फळ्यावर त्यांनी टेकण्याच्या जागी ठळक ठिपका काढला. घर्षण त्या ठिपक्यातच लागतं, म्हणून तिथून मोजलं की त्याचं आघूर्ण, म्हणजे फिरवण्याची ताकद, शून्य. वजन आणि टेबलाचा आधारही त्याच ठिपक्यातून जाणारे. उरला एकटा दोरा. त्याची रेषा खाली वाढवा. ती ठिपक्याच्या पलीकडे टेबलाला भेटली तर फिरकी आपल्याकडे येते, अलीकडे भेटली तर लांब जाते. बरोबर ठिपक्यातून गेली तर फिरकी वळतच नाही, जोर लावला तर नुसती घसरते. माझ्या फिरकीचा दांडा जाडीला कडेच्या चकतीच्या व्यासाच्या निम्मा होता, म्हणजे रेषा ठिपक्यातून जाताना दोऱ्याचा टेबलाशी होणारा कोन 60 अंशांचा. सरांनी कोनमापक लावून तेही दाखवलं. चौथ्या खेपेला जमलं. आधीच्या तीन वेळा आम्ही हसलो ते त्यांनी ऐकून घेतलं.

आज चाकणला दुचाकींच्या ब्रेकच्या चाचण्या घेतो. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, तेव्हा आमच्याकडे कामाचा ढीग लागला होता. चाक फिरत असताना त्याचा रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणापुरता स्थिर असतो, म्हणून पकड टिकते. चाक जाम झालं की तोच बिंदू घासत जातो, पकड घटते आणि हँडल ऐकेनासं होतं. एबीएस चाक जाम व्हायच्या बेतात असताना ब्रेक क्षणभर सैल करतं, एवढंच. नव्या इंजिनिअर पोरांना मी फिरकीच आणून दाखवतो. बहुतेक सगळे चुकतात, आणि खरं सांगतो, मला बरं वाटतं.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेलो. प्रयोगशाळेत मोठा पडदा आहे, त्यावर चित्रातली चाकं फार सुरेख फिरतात. पडद्यावरून खाली मात्र काही पडत नाही. सरांचं लाकडी कपाट दिसलं नाही. ते कुठल्या अडगळीत असलंच, तर खालच्या खणात बघावं. फिरकी माझ्या थोरल्या भावाची होती, आणि तो अजून विचारतो.