काट्यावर न दिसणारं

"एवढं चालून अर्धा किलो वाढलंच!" मैत्रीण वजनकाट्यावरून उतरली आणि समोरची नाश्त्याची ताटली तिने बाजूला सरकवली.

ती भरलेली ताटली काही डोळ्यांपुढून हलत नाहीये.

आदल्या दिवशी जेवणात मीठ जास्त गेलं तरी शरीर पाणी धरून ठेवतं. एखाद-दोन किलो असेच खाली-वर होतात. ती चरबी नव्हे गं!

आता जिने चढताना तिला धाप लागत नाही, झोपही शांत लागते. हे काटा कसा सांगणार? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. वजन घटो न घटो, हृदयाला, रक्तदाबाला, साखरेला त्याचा फायदा होतोच.

मग उपाशी राहायची शिक्षा कशाबद्दल?