बारा चिंचोके, एक कॅमेरा : बडोद्याच्या पोरांची फोटोगिरी, उत्तरायणापर्यंतची नोंद

दिवाळीनंतर रविवार सकाळी पोरांना कॅमेरे देऊन फिरवायचा जो उद्योग सुरू केला, त्याची ही पुढची नोंद. मंडळी तीच. माझी भाची, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातली जुळी भावंडं, आणि अधूनमधून उगवणारा सहा वर्षांचा एक छोटू, ज्याला कॅमेऱ्यापेक्षा त्याच्या मनगटपट्ट्यात जास्त रस आहे. कॅमेरे म्हणजे नातेवाइकांच्या कपाटांत पडून राहिलेले खिशात मावणारे डिजिटल. फोन मुद्दामच नाही. फोन हातात आला की फोटो निघतो न निघतो तोच बोट गेमकडे वळतं.

या खेपेची मोठी भर म्हणजे बारा फोटोंची मर्यादा. ती सुचली घरातल्या आग्फा क्लिक थ्रीवरून. हा कॅमेरा एके काळी आपल्या बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा, हे पोरांच्या आईबापांनाही ठाऊक नव्हतं. त्यात १२० नंबरचा फिल्मचा रोल बसतो, सहा बाय सहा सेंटिमीटरची चौकोनी निगेटिव्ह येते आणि एका रोलवर फोटो निघतात बारा. मग प्रत्येकाच्या डाव्या खिशात बारा चिंचोके घातले. फोटो काढला की एक चिंचोका उजव्या खिशात. डिलीट करायचं नाही. फोटो काढल्यावर तो लगेच पडद्यावर झळकायची सोयही मेनूत जाऊन बंद केली.

आधी एकेक जण शेकड्यांनी फोटो आणायचा आणि त्यातला एकही त्याला आठवायचा नाही. आता कमाटीबागेत जुळ्यांतली ताई वडाच्या पारंब्यांपाशी बराच वेळ नुसती उभी होती. कवडसा पारंबीवर येऊन पडेपर्यंत तिने चिंचोका हलवला नाही. तिचा भाऊ मात्र गेटातून आत शिरल्या शिरल्या सगळे संपवून मोकळा झाला आणि उरलेला वेळ बहिणीकडे उसने मागत फिरला. दोघंही आपापल्या परीने बरोबर आहेत असं माझं मत. घाईघाईने काढलेल्या त्या बारांत माळीकाकांच्या झारीचा एक फोटो असा आला होता की मी तो मागून घेतला.

उंचीबद्दल एक सांगतो. पोरांच्या डोळ्यांची पातळी आपल्या कमरेशी असते. त्यामुळे त्यांच्या फोटोत हातगाडीची खालची बाजू, स्कूटरचे नंबर, कुत्र्याचे डोळे आणि मोठ्यांची पोटं येतात. पालक लगेच म्हणतात, ‘अरे, डोकं कापलंस की!’ म्हणून पालकांना मी बाकावर बसवून चहा देतो. तेवढंच त्यांचं काम.

सगळ्यात रंगला तो अंधाऱ्या खोलीचा रविवार, आणि त्यात कॅमेरा नव्हताच. रस्त्याकडच्या खोलीच्या खिडकीला काळा कागद चिकटवला, फटी कापडाने बुजवल्या आणि कागदाला साधारण बोटाएवढं भोक पाडलं. डोळे सरावायला वेळ लागतो, तोवर पोरं एकमेकांना चिमटे काढत होती. मग समोरच्या भिंतीवर हळूहळू रस्ता उमटला. रंगासकट, उलटा. ‘मामा, रिक्षा ऊंधी चालते!’ भाची ओरडली आणि धाकटा थेट जमिनीवर डोकं टेकवून पाय वर करायला लागला.

प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरचं खाली आणि खालचं वर. हे शाळेत पाठ केलेलं वाक्य तिथे एका फटक्यात समजलं. भोक लहान केलं की चित्र रेखीव होतं पण अंधुक, मोठं केलं की उजळ पण पुसट, हे त्यांनीच कागदाच्या चकत्या बदलून शोधलं. शेवटी आजोबांचा वाचायचा चष्मा आणला, अधिक दोन नंबरचा. मोठ्या भोकापाशी त्याची एक काच धरली आणि मागे अर्ध्या मीटरवर पांढरा पुठ्ठा. समोरच्या घराची गॅलरी, दोरीवरच्या कपड्यांसकट, लख्ख. नंबर दोन म्हणजे नाभीय अंतर, म्हणजे दूरच्या वस्तूचं चित्र काचेमागे जिथे रेखीव उमटतं तिथपर्यंतचं अंतर, अर्धा मीटर, नंबर एक असता तर एक मीटर. हा हिशोब मी आकृती काढून समजावला असता तर कुणी ऐकला नसता. चष्मा परत द्यायला दुपार झाली, तोवर आजोबांचा पेपर वाचायचा राहिला.

रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात फ्लॅश बंद ठेवून भिंतींवरच्या जुन्या चित्रांचे फोटो काढायला लावले. कमी उजेडात फोटो का हलतो, कोपर बरगडीला का टेकवायचं, खांबाला का रेलायचं, एवढं त्यातून पदरात पडलं. बाकी तिथे सगळ्यांना लढाईतले हत्तीघोडे मोजण्यातच रस.

उत्तरायणात, म्हणजे इकडच्या संक्रांतीच्या पतंगांच्या सणात, गच्चीवर वेगळीच पंचाईत. मागे लख्ख आकाश, पुढे पतंग उडवणारा माणूस. किती उजेड आत घ्यायचा (म्हणजे एक्स्पोजर) हे कॅमेरा आपला आपण ठरवायला लागला की आकाशाकडे बघून सगळंच काळवंडवतो. मोठ्या दोघांना एक्स्पोजर अधिक एकवर कसं न्यायचं ते दाखवलं. चेहरे दिसायला लागले, आकाश पांढरंफटक झालं. भाचीने ते पुन्हा शून्यावर आणलं, कारण तिला काळा मामा आणि लाल पतंगच हवा होता. फिरकी धरलेल्या हातांचे तिचे फोटो या हंगामातले मला सगळ्यात आवडलेले.

आणि होमाई व्यारावाला. भारतातल्या पहिल्या महिला छायाचित्र-पत्रकार, जन्म १९१३ चा नवसारीत, आणि शेवटची वर्षं आपल्या बडोद्यात. २०११ साली पद्मविभूषण, २०१२ मध्ये इथेच निधन. पोरांना यातलं काहीच भिडलं नाही. भिडलं ते त्यांचं टोपणनाव, ‘डालडा १३’. त्यांच्या गाडीचा नंबर डीएलडी १३ होता, त्यावरून घेतलेलं. लगेच सगळ्यांना टोपणनावं हवी झाली. सध्या आमच्याकडे ‘बटाटा ७’, ‘शेवउसळ २२’ आणि ‘ढोकळा १’ असे छायाचित्रकार आहेत. आकडे शाळेतल्या हजेरीचे. छोटूचं अजून ठरायचंय.

प्रिंट काढतोच. चार बाय सहाच्या प्रिंट चटईवर पसरायच्या, प्रत्येकाने आपल्या बारांतल्या तीन निवडायच्या आणि का ते एका वाक्यात सांगायचं. ‘छान’ या शब्दाला बंदी. ‘यात आवाज येतोय’ असं एक जण चक्कीच्या फोटोबद्दल म्हणाला. मोठ्यांच्या छायाचित्र मंडळांत मी इतकं नेमकं क्वचित ऐकलंय. मागच्या बाजूला पेन्सिलीने टोपणनाव आणि तारीख.

माणसांचे फोटो विचारूनच. ‘काकी, फोटो पाडू का?’ हे वाक्य घोकून घेतलंय. नाही म्हटलं तर चिंचोका वाचला.

आता उन्हं तापतील तेव्हा सायनोटाइप, म्हणजे कॅमेऱ्याशिवाय, लेप दिलेल्या कागदावर उन्हाने उमटवायची निळी चित्रं. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये काढलेली ही युक्ती बडोद्याच्या उन्हासाठीच असावी. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड हातमोजे घालून मीच मिसळणार आणि कागदांना लेप देऊन ते अंधारात वाळवणार. पोरांनी पानं, पिसं, फिरकीचा उरलेला दोरा आणायचा, कागदावर मांडून उन्हात ठेवायचं आणि पिवळा रंग जाईपर्यंत पाण्यात खळबळून धुवायचं. जुनी परात जुळ्यांच्या आजींनी कबूल केलीय. परत मिळणार नाही, हे त्यांना सांगितलेलं आहे.