शिट्टी वाजतेय, टर्बो गेला का?

साताऱ्यात हायवेलगत माझं गॅरेज आहे आणि टर्बो, म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, हे माझं मुख्य काम. त्यामुळे निम्मे लोक विचारतात, "शिट्टी वाजतेय, टर्बो गेला का?" उरलेले निम्मे विचारतात, "शिट्टी वाजत नाही, टर्बो गेला का?" सोबत व्हॉट्सॲपवर रेकॉर्डिंग. त्यात टायर असतात, एसीचा पंखा असतो, मागे बसलेल्या वहिनी असतात. टर्बो शोधावा लागतो. तर तुम्ही विचारलंतच म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

छोट्या डिझेलचा टर्बो चढावर मिनिटाला दीड-दोन लाख फेरे सहज गाठतो. हिशेबाला १,२०,००० धरा, म्हणजे सेकंदाला २,०००. शाफ्ट, म्हणजे टर्बोचा फिरणारा दांडा, कितीही बॅलन्स केला तरी कणभर जड बाजू उरतेच, आणि ती सेकंदाला २,००० वेळा बॉडीला हादरा देते. तुमची शिट्टी बहुतेक वेळा हीच. पात्यांचा आवाज निराळा. कॉम्प्रेसरला, म्हणजे हवा दाबणाऱ्या चाकाला, सहा मोठी पाती असतील तर त्याच वेगाला १२,००० कंपनं. ती पोराला ऐकू येतात, साठीतल्या बापाला बहुधा नाही, आणि मग दोघं माझ्यासमोर भांडतात.

म्हणजे स्वर ठरतो फेऱ्यांवर. किती मोठ्यानं ऐकू येणार ते ठरतं वाटेवर: फिल्टरचा डबा, हवेच्या पाइपवरचा आवाज दाबणारा रेझोनेटर, दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचे होज (रबरी पाइप), सायलेन्सर. फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावला की टर्बो तोच, पण गल्लीला कळतो. होजला भेग पडली तर फुसफुस येते, आणि गळणारी हवा भरून काढायला टर्बो जास्त फिरतो, म्हणून शिट्टीही चढते. मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचं, गॅस्केट (सांध्यातली पट्टी) उडालं तर पिकअप घेताना सायरनसारखं ऐकू येतं. दोन्हींत टर्बो निर्दोष असतो, पण उतरवला पहिला तोच जातो. आणि डिझेलला पेट्रोलसारखं 'छिस्स' का येत नाही, हे कृपा करून विचारू नका. पेट्रोलला पाय काढला की थ्रॉटल (हवेची झडप) बंद होतो आणि कोंडलेली हवा सोडून द्यावी लागते. डिझेलमध्ये तशी कोंडीच होत नाही.

आता कराडच्या सरांबद्दल. कारण तुमच्यातल्या अनेकांनी त्यांच्याकडूनच ऐकलंय की मी गाडी बिघडवली.

सर निवृत्त शिक्षक, पेटी उत्तम वाजवतात. गाडी १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनवाली. थंडीत आली तेव्हा निळा धूर होता, शाफ्टला प्ले होता, म्हणजे तो ढिला झाला होता. नवा कोअर (शाफ्ट आणि चाकांसकट टर्बोचा आतला गाभा) टाकला, धूर गेला, पिकअप परत आला. एप्रिलमध्ये सर पुन्हा दारात.

"आवाज बदललाय रे."

"सर, टर्बो ठणठणीत आहे."

"ते मी विचारलंच नाही. पाचव्या गिअरला ऐंशीवर तो अर्ध्या स्वरानं चढलाय. पेटीवर पडताळून आलोय."

मी हसलो. सरांना ते लागलं. माझा पोरगा आणि दोन गिऱ्हाइकं समोर उभी होती, आणि मी वर म्हटलं, "सर, पेटीनं टर्बो तपासत नाहीत."

गाडी ठेवून घेतली. होजमध्ये धूर सोडून पाहिला, कुठे गळती नाही. कोअर काढून बॅलन्सिंगला पाठवला, कंपनांचा ग्राफ मर्यादेत आला. दोन्ही कामांचे पैसे घेतले नाहीत, हे सर कोणाला सांगत नाहीत. मग कागदावर हिशेब मांडून दाखवला. अर्धा स्वर म्हणजे फेरे सुमारे ६ टक्के जास्त. गरम हवा पातळ असते, तेवढाच दाब द्यायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. पहाटेचे १५ अंश आणि दुपारचे ४० धरले तर हवेपायीच ४ टक्क्यांच्या आसपास होतात. उरलेले दोन नव्या कॉम्प्रेसरच्या चाकाचे. व्यास तोच, पण पुरवठादार वेगळा, पात्यांची वळणं थोडी वेगळी.

सरांनी कागद शांतपणे वाचला. "मग रात्री अकराला, गारव्यात, तोच स्वर का येतो?"

मी म्हटलं, चाक. "म्हणजे बदललाय." हो, पण बिघडला नाही. "बिघडला असं मी म्हटलंय कधी?" मजुरीचे निम्मे पैसे परत मागितले. मी दिले नाहीत. आजही देणार नाही. गाडी धूर देत होती, आता देत नाही, आणि मी स्वर जुळवायचे पैसे घेतले नव्हते. पण जुना आणि नवा कोअर एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर कोणीच ऐकलेला नाही, मीही नाही. म्हणून चार टक्के हवेचे की सहाच्या सहा चाकाचे, हे मला ठासून सांगता येत नाही. सर सांगतात. त्यांचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मला मान्य करावंच लागतं, आणि तेच जास्त झोंबतं.

पूर्वी मी सरळ म्हणायचो, शिट्टी म्हणजे टर्बो जिवंत. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. आता विचारतो, कालपर्यंत कशी होती? उत्तर कुणालाच देता येत नाही, कारण बिघडेपर्यंत गाडी कोण ऐकतो? मग वाटतं, जुनंच बरं होतं, निदान फोन लवकर संपायचा.

रेकॉर्डिंग पाठवायचंच असेल तर काचा वर, एसी बंद, आणि गिअर, वेग लिहून पाठवा. त्याआधी गाडीचं काय काम झालं होतं तेही, लपवाछपवी न करता. घासल्यासारखा खरखर आवाज आणि निळा धूर एकदम आला तर काहीच पाठवू नका, इंजिन बंद करा आणि टोईंगला फोन लावा.