एका एफएलपी सर्टिफिकेटपायी सहा आठवडे गेले (माझा अनुभव)

वेर्ण्याला आमच्या फार्मा युनिटमध्ये सॉल्व्हंटची नवी ड्रम रूम चवथीआधी सुरू व्हायची होती. झाली चवथीनंतर. अर्थिंग, केबल, पॅनल सगळं वेळेत झालं, अडलं ते बावीस एफएलपी, म्हणजे फ्लेमप्रूफ (आतला भडका बाहेर जाऊ न देणाऱ्या), लाईट फिटिंगपाशी.

रूममध्ये आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि अ‍ॅसिटोन. आयपीएचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ सुटते) साधारण १२ डिग्री, म्हणजे गोव्यात बारा महिने वाफ असणारच. एरिया झोन १, म्हणजे रोजच्या कामातही अधूनमधून पेटणारी वाफ असू शकते अशी जागा. दोन्ही सॉल्व्हंट वाफेच्या धोक्याप्रमाणे ग्रुप टू-ए, तरी आम्ही फिटिंग एक पायरी कडक टू-बी घेतली, आणि टी६, म्हणजे फिटिंगच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान ८५ डिग्रीच्या वर जात नाही. मला वाटलं विषय संपला.

इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी शिडी मागवली, एका फिटिंगची नेमप्लेट वाचली, आमच्या फाइलमधला कागद बघितला आणि फाइल बंद केली. सर्टिफिकेट नंबर जुळत नव्हता. फिटिंग चांगली, कागद खरा, पण तो कागद त्या फिटिंगचा नव्हताच.

सप्लायरला फोन केला तर म्हणाला, "साहेब, मॉडेल तेच आहे, सगळीकडे हेच चालतं." त्याच दिवशी पीडीएफ आली, उघडली तर आमच्या फाइलमधलंच सर्टिफिकेट. मी परत फोन केला, परत तीच आली, यावेळी फाइलचं नाव बदलून. मग त्यांचा माणूस गणपतीला गावी गेला, मग आला, मग "फॅक्टरीला कळवलंय". असे पाच आठवडे. तोवर ड्रम जुन्या शेडमध्येच, पावसात, आणि प्रॉडक्शनवाले रोज मलाच विचारायचे. अजून आठवलं की डोकं तापतं. माझी चूक एवढीच की माल आला त्या दिवशी मी बॉक्स मोजले, नेमप्लेट वाचल्या नाहीत. तुम्ही वाचा, सप्लायरचं पेमेंट सोडायच्या आधी.

शेवटी बावीसच्या बावीस नेमप्लेटचे सिरीयल नंबरसकट फोटो काढले आणि फॅक्टरीच्या क्वालिटीवाल्यांना थेट पाठवले. दोन दिवसांत बरोबर सर्टिफिकेट ड्रॉइंगसकट हातात. आमच्या फिटिंग आधीच्या सर्टिफिकेटवर बनलेल्या होत्या, एवढंच! सप्लायरच्या मागे न लागता हे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं.

साहेबांवर मात्र माझा राग नाही. बऱ्याच जणांना वाटतं एफएलपी म्हणजे हवाबंद डबा. तसं नाही, वाफ आत जातेच. आत भडका उडाला तर डबा तो सोसतो आणि जॉइंटच्या बारीक फटीतून बाहेर येईपर्यंत ज्वाला थंड होते. म्हणजे ती फट, ते आटे, ते बोल्ट हीच सगळी सुरक्षा, आणि सर्टिफिकेट त्याच मापांचं असतं. म्हणून एक बोल्ट कमी असला तरी तो डबा एफएलपी राहत नाही. जॉइंटवर रंग नको, सिलिकॉन तर अजिबात नको, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत गंज धरू नये म्हणून न सुकणारं ग्रीस पातळ लावायचं.

ड्रॉइंग हातात आल्यावर मी आमच्या वायरमन काकांना घेऊन प्रत्येक फिटिंग तपासली, आणि तीन फिटिंगच्या रिकाम्या एंट्रीत (केबल आत घ्यायच्या भोकात) वाहतुकीसाठी लावलेली प्लॅस्टिकची टोपी तशीच होती. कॉन्ट्रॅक्टरने काढलीच नव्हती. आत भडका उडाला असता तर ती टोपी पहिली उडाली असती. नंबर जुळला असता तर हे मला कळलंच नसतं, हा विचार करून त्या रात्री झोप नीट लागली नाही. तिथे सर्टिफाइड स्टॉपिंग प्लग लावले, निदान पाच पूर्ण आटे बसतील असे. केबल डब्यात शिरते तिथली ग्लँडसुद्धा एफएलपीच हवी, साधी वेदरप्रूफ चालत नाही, तिचंही सर्टिफिकेट वेगळं मागून घ्या.

आणि हो, सर्टिफिकेट नंबरच्या शेवटी एक्स असेल तर वापराच्या खास अटी असतात, त्या आतल्या पानावर असतात, पहिलं पान बघून थांबू नका.

दुसऱ्या इन्स्पेक्शनला साहेबांनी परत शिडी मागवली, यावेळी दुसरीच फिटिंग निवडली. नंबर जुळला. वीस मिनिटांत सही झाली, आणि संध्याकाळपर्यंत जुन्या शेडमधले सगळे ड्रम आम्ही आत घेतले.